दुसऱ्याचें अर्धवट वीजकाम पुरें करतांना

शेतकऱ्याच्या हयातींत नवें घर बहुधा एकदांच उभें राहतें. भाग्यवंताच्या हयातींत दोनदां. त्यामुळें घराच्या कामांत जो अनुभव येतो तो आपल्यापुरता शिळा होऊन जातो, आणि शेजाऱ्याला तोच अनुभव पुन्हां पदरचे पैसे मोजून विकत घ्यावा लागतो. गवंडी अर्ध्यावर काम टाकून गेला तर दुसरा गवंडी येऊन ओळंबा लावतो, पहिल्याला चार शब्द बोलतो आणि पुढचा थर चढवूं लागतो. सुताराचेंहि तसेंच. परंतु वीजकाम करणारा मिस्त्री काम टाकून गेला म्हणजे काय होतें, तें ज्याच्यावर प्रसंग आला त्यालाच ठाऊक. भिंतींतून तारांच्या शेंपन्नास शेपट्या लोंबत असतात. त्यांतली कोणती कोठें जाते हें जाणणारा मनुष्य एकच, आणि तोच निघून गेलेला असतो. तो प्रसंग माझ्यावर आला. विजेचें शास्त्र मी शिकलेला नाहीं. सगळी नोकरी तहसील कचेरींत कागद लिहिण्यांत गेली. तेव्हां पुढील मजकूर मिस्त्रीला शिकविण्यासाठीं नसून, घरधन्याला आपल्या भिंतींत काय चाललें आहे तें कळावें एवढ्यासाठींच लिहिला आहे.

आमचें गांव सातारा जिल्ह्यांत, काळ्या जमिनीचें. मी लहान असतांना आमच्या आळींत वीज आली. कोयनेची वीज १९६२ सालापासून निर्माण होऊं लागली होती, पण ती आमच्या माजघरापर्यंत यावयास आणखी बरींच वर्षें लागलीं. त्या वेळचें काम लांकडी पट्टीवरचें असे. पट्टी भिंतीवर ठोकलेली, तिच्यावर तारा कडीनें आवळलेल्या, आणि बोर्डावर चिनी मातीचे फ्यूज. घराला शोभा नव्हती, पण तार कोठून निघाली व कोठें गेली हें लहान मुलालाहि बोट दाखवून सांगतां येई. आतां पाइप भिंतींत व स्लॅबमध्यें गाडतात आणि वर प्लॅस्टर करून रंग देतात. काम सुंदर दिसतें, परंतु तें पाहावयाचें म्हटलें तर पाहतां येत नाहीं. माझ्या सगळ्या त्रासाचें मूळ तेथेंच आहे.

सेवानिवृत्तीच्या सुमारास जुन्या घराशेजारीं नवें घर बांधावयास काढलें. गोठा आधीं उभा केला, कारण माणसांना जुनें घर होतें, जनावरांना मात्र नीट छप्पर नव्हतें. गोठ्याचा सांगाडा लोखंडी पाइपांचा, वर पत्रा, आणि एका बाजूस कडबा कापण्याचें एक अश्वशक्तीचें यंत्र. वीजकामाची मजुरी एका मिस्त्रीशीं अडतीस हजार ठरली, माल आमचा. शेहेचाळीस पॉइंट ठरले होते. स्लॅबच्या वेळीं दहा हजार दिले, प्लॅस्टरच्या वेळीं दहा हजार, आणि त्याच्या घरीं लग्न निघालें तेव्हां आणखी दहा हजार. चाळीस वर्षांच्या जवळपास सरकारी पैशाची पै न् पै मोजणारा मी, स्वतःच्या पैशाच्या बाबतींत कामाची मोजणी न करतांच रक्कम देत गेलों. पाइप गाडून झाले, बहुतेक तारा ओढून झाल्या, गोठा आणि दोन खोल्या जुन्या घराच्या मीटरवरून चालू करून दिल्या. आणि फाल्गुनांत तो जो गेला तो गेलाच. फोन वाजे, उचलला जात नसे.

मग दुसऱ्या मिस्त्रीचा शोध सुरू झाला. एक आला, दारांतून आंत डोकावला, आणि "दुसऱ्याच्या कामाला मी हात लावत नाहीं" म्हणून चहा घेऊन गेला. दुसऱ्यानेंहि तेंच सांगितलें. मला राग आला. आतां वाटतें, त्यांचें चुकलें नव्हतें. नव्या घराला मीटर घ्यावयाचा म्हणजे काम परवानाधारक कंत्राटदाराच्या हातून झालें पाहिजे आणि त्याच्या सहीचा चाचणी-अहवाल महावितरणकडे दिला पाहिजे. जो सही करतो त्यानें सगळ्या घराची जोखीम अंगावर घेतली, मग त्यांतलें अर्धें काम त्यानें डोळ्यांनींसुद्धां न पाहिलेलें कां असेना. न मोजलेल्या धान्याच्या कोठाराची पावती कोण लिहून देईल?

तिसरा आला तो तरणाताठा. त्यानें शेपट्या हातांत धरून पाहिल्या आणि म्हणाला, "दोन दिवसांत सगळं जोडून देतो, पाच हजार द्या." पांच हजारांत घर उजळणार म्हणून घरांतल्यांना तोच पसंत पडला. सुदैवानें त्याच आठवड्यांत तालुक्याच्या गांवाहून एक वयस्क मिस्त्री आले. ते एका परवानाधारक कंत्राटदाराच्या हाताखालीं काम करतात. त्यांनीं अर्धा तास घर हिंडून पाहिलें व म्हणाले, "भाऊसाहेब, पहिले तीन दिवस मी एकही तार जोडणार नाही. फक्त बघणार. त्या बघण्याची मजुरी द्यावी लागेल. बघून झाल्यावर काम घ्यायचं की नाही ते सांगेन."

काम न करण्याची मजुरी ही कल्पना प्रथम मला रुचली नाहीं. परंतु रात्रीं विचार करतां माझ्याच खात्याची रीत आठवली. तलाठ्याची बदली झाली म्हणजे नवा तलाठी आल्या दिवशीं सात-बाराला हात घालीत नाहीं. आधीं चार्ज-यादी होते. गांव-नमुने किती, पावती-पुस्तकें किती व त्यांतलीं कोरीं किती, कोणते फेरफार नोंदीवांचून पडले आहेत, रोकड किती. ह्यांचा मेळ बसल्यावर जाणारा सही करतो व येणारा सही करतो. जाणारा हजर नसेल तर वरिष्ठासमक्ष दप्तर उघडावें लागतें. न तपासतां चार्ज घेतलेल्या भल्या माणसांना दुसऱ्याच्या घोटाळ्याचे खुलासे वर्षानुवर्षें लिहितांना मीं पाहिलें आहे. ह्या मिस्त्रीचें म्हणणें म्हणजे चार्ज-यादीच होती. मीं दुसऱ्या दिवशीं त्यांना बोलावलें आणि एक शंभर पानी वही घेऊन स्वतः मागोमाग हिंडलों.

त्या तीन दिवसांइतकें शिक्षण मला आजवर कशानें मिळालें नव्हतें. त्यांनीं प्रथम जुन्या घराच्या मेनवरचे फ्यूज काढले आणि ते चिनी मातीचे दोन्ही तुकडे स्वतःच्या खिशांत टाकले. "मेन बंद आहे, असं कुणी सांगितलेलं मी ऐकत नाही. फ्यूज खिशात असला की झोप लागते." नंतर टेस्ट लॅम्प एका चालू जागीं लावून तो पेटतो हें पाहिलें, मग बंद केलेल्या जागीं लावला, आणि पुन्हां चालू जागीं. तपासण्याचें साधनच बिघडलेलें असेल तर मृत व जिवंत तार सारखीच दिसते. खिशांतल्या पेचकसासारख्या लहान टेस्टरवर त्यांचा मुळींच भरंवसा नव्हता. आणि तें बरेंच झालें. कारण जुन्या घरांतला इन्व्हर्टर आमच्या ध्यानांतहि नव्हता, व त्याची एक तार नव्या घरांतल्या एका खोलींत आलेली होती. मेन काढल्यावरहि ती जिवंतच राहिली होती.

मग प्रत्येक बोर्ड उघडून प्रत्येक शेपटीला कागदी चिठ्ठी व क्रमांक. एका टोकाला दोन तारा जोडून दुसऱ्या टोकाला मीटर लावावयाचा. सूर लागला तर ती तीच तार. मी वहींत लिहीत गेलों. क्रमांक, कोठून, कोठें, जाडी किती, रंग कोणता, शेरा. रंगाच्या रकान्यानें पहिल्याच दिवशीं घात उघड केला. आपल्याकडील रूढ पद्धत अशी कीं फेजला लाल, पिवळा वा निळा रंग, न्यूट्रलला काळा, आणि अर्थिंगला हिरवा. आमच्या घरांत एका सबंध मजल्याच्या सगळ्या तारा लाल निघाल्या. दुकानांत लाल गुंडाळ्या शिल्लक असतील, त्या त्यानें वापरल्या. मालाच्या पावत्या माझ्याजवळच होत्या व त्यांवर लाल असें स्वच्छ लिहिलेलें होतें. मीं पावतीची बेरीज तपासली होती, रंग वाचला नव्हता.

वहीच्या शेऱ्यांत पुढें काय काय आलें तें सगळें लिहीत नाहीं. दिवे व पंखे ह्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षां अधिक पॉइंट आणि ८०० वॅटपेक्षां अधिक भार नसावा अशी पूर्वापार मर्यादा आहे. आमच्या एका सर्किटवर एकोणीस पॉइंट लटकले होते. न्हाणीघरांतील पाणी तापविण्याच्या यंत्राला चार चौरस मिलिमीटर जाडीची तार हवी, तेथें दिव्याची दीड चौरस मिलिमीटरची गेलेली. तीन ठिकाणीं बटण फेजच्या तारेवर नसून न्यूट्रलवर होतें. बटण बंद केल्यावर दिवा मालवतो खरा, पण होल्डरमध्यें वीज तशीच उभी असते, आणि दिवा बदलावयास स्टुलावर चढलेला मनुष्य बटण बंद आहे ह्या विश्वासावर हात घालतो.

एम.सी.बी.विषयीं मात्र थोडें सविस्तर लिहिलें पाहिजे, कारण ह्याबाबत आपल्या लोकांत मोठा गैरसमज आहे. एम.सी.बी. जितका मोठा तितका चांगला, असें आपण मोटेच्या दोरासारखें समजतों. वस्तुतः तो तारेचा राखणदार आहे. तार सोसेल त्याच्या अलीकडे त्यानें पडलें पाहिजे. दिव्यांच्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारेला सहा किंवा दहा अँपिअरचा, आणि अडीचच्या तारेला सोळाचा, असा साधारण मेळ असतो. आमच्याकडे सगळीकडे बत्तीसचे. सारखा पडतो अशी तक्रार येऊं नये म्हणून मोठा बसविला. अशा ठिकाणीं भार वाढला तर एम.सी.बी. स्वस्थ बसून राहील आणि भिंतींतली तार आधीं जळेल.

तिसऱ्या दिवशीं आम्हीं गोठ्याकडे वळलों, आणि येथें मला माझ्या म्हशीची क्षमा मागावी लागेल.

गोठा चालू झाल्यापासून आमची एक दुभती म्हैस संध्याकाळीं पान्हा चोरूं लागली होती. सकाळीं पुरतें दूध देई. संध्याकाळीं लोखंडी दांडीजवळ यावयास तयार नसे, पाण्याच्या पिंपाला नाक लावून झटक्यानें मागें घेई, पाय झाडी. आईनें दृष्ट काढली. जनावरांच्या डॉक्टरांनीं तपासलें. कांस निरोगी, ताप नाहीं. मीं स्वतः असें ठरविलें कीं जनावर हट्टी आहे व नव्या जागेला रुळलें नाहीं. दोन महिने असेच गेले. मिस्त्रींनीं ही हकीकत सहज ऐकली व एकच प्रश्न केला, "संध्याकाळी कुट्टी कधी करता?" आमच्याकडे धार काढतांनाच शेजारीं कुट्टी चालते, कारण त्याच वेळीं गडी मोकळा असतो. त्यांनीं फ्यूज परत बसविले, यंत्र सुरू करावयास सांगितलें, आणि मीटरचें एक टोक लोखंडी खांबाला व दुसरें गोठ्यांतल्या ओल्या जमिनींत खोंचलेल्या सळईला लावलें. कांटा सहा व्होल्टवर गेला. यंत्र बंद करतांच जवळजवळ शून्य.

सहा व्होल्ट म्हणजे माणसाच्या कोरड्या हाताला कांहींच नाहीं. परंतु गुराचे खूर ओले, नाक ओलें, चार पाय लांब लांब टेकलेले. त्याच्या अंगांतून वीज आपल्यापेक्षां फार सहज वाहते. आपल्याला जें जाणवत नाहीं तें त्याला टोंचतें. म्हैस दोन महिने सांगत होती, आणि ऐकणारे आम्ही दृष्ट काढीत होतों.

कारण शोधण्यास बोर्ड उघडला. पहिल्या मिस्त्रीनें गोठ्याकडे चाळीस मीटर लांबीचा पाइप टाकून त्यांत फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तीन तारा ओढल्या होत्या. ओढतांना न्यूट्रल पाइपांतच कोठें तरी तुटली. ती काढून पुन्हां ओढण्याऐवजीं त्यानें अर्थिंगची हिरवी तार न्यूट्रलच्या जागीं जोडून दिली. दिवा लागला, यंत्र फिरलें, काम झालें. पण तीच हिरवी तार गोठ्याच्या बोर्डावरून लोखंडी सांगाड्यालाहि पेचानें आवळलेली होती. म्हणजे यंत्रांतून परत जाणारी सगळी वीज ज्या तारेनें जाई, तिलाच आमचा गोठा बांधलेला. हिशेब सोपा आहे. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा अवरोध किलोमीटरला सुमारें बारा ओहम, म्हणजे चाळीस मीटरला अर्ध्याच्या आंतबाहेर. यंत्र सात अँपिअर घेतें. सात गुणिलें अर्धा, साडेतीन व्होल्ट. बाकीचे अडीच कोठले? तार जेथें बोर्डांत वळवून नुसती काळी टेप गुंडाळली होती, तेथील सांधा उघडला तों तांबें काळें पडलेलें आणि टेप वितळलेली. ते अडीच व्होल्ट त्या सैल सांध्याचे.

हा सांधा पूर्ण सुटला असता तर काय झालें असतें, हें मिस्त्रींनीं मला सांगितलें तेव्हां मी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसलों. परतीची वाट तुटल्यावर यंत्र थांबतें, आणि त्यांतून आलेला फेजचा दाब जाण्यास वाट नसल्यानें सबंध लोखंडी सांगाड्यावर चढतो. खांब जमिनींत पुरलेले असले तरी जो दाब उरतो तो जीव घेण्यास पुरेसा. बत्तीसचा एम.सी.बी. एवढ्याशा प्रवाहाला पडत नाहीं. यंत्र कां थांबलें म्हणून गडी खांबाला हात टेकून वांकून पाहणार. आणि आमची आई वयाच्या ऐंशीव्या वर्षींहि अनवाणी, ओल्या हातानें धार काढते.

आर.सी.सी.बी. नांवाचें एक यंत्र मीं मुद्दाम पैसे घालून आणलें होतें, व तें मुख्य बोर्डावर दिमाखानें बसलेंहि होतें. जाणारी वीज आणि परत येणारी वीज ह्यांची तें सतत तुलना करतें; घरांत माणसाच्या रक्षणासाठीं जें बसवितात तें तीस मिलिअँपिअरची तूट दिसली कीं क्षणांत पुरवठा तोडतें. कारकुनी भाषेंत सांगावयाचें तर आवक-जावकीचा मेळ बसला नाहीं कीं दप्तर बंद. आमच्या गोठ्यांतून थोडी वीज खांबांवाटे जमिनींत झिरपत असल्यामुळें कुट्टी सुरू केली कीं तें पडे. हें मला आठवत होतें. पहिल्या मिस्त्रीनें "माल खराब लागला" असें सांगून इलाज केल्याचेंहि आठवत होतें. इलाज काय केला तें आतां दिसलें: येणाऱ्या व जाणाऱ्या तारा यंत्राला वळसा घालून परस्पर जोडलेल्या, आणि यंत्राची कळ शोभेला वर केलेली. ज्यानें खरी वर्दी दिली त्या पहारेकऱ्याचें तोंड बांधून टाकलें, आणि त्याच्या पगाराची पावती मीं जपून ठेवली होती. अर्धवट काम सोडणें मी एक वेळ समजूं शकतों. हें समजूं शकत नाहीं.

गोठ्याची वीज त्याच क्षणीं तोडली. पुढें तीन आठवडे कंदिलाच्या व बॅटरीच्या उजेडांत धार निघाली आणि कुट्टी हाताच्या अडकित्त्यानें झाली. म्हैस पहिल्या दिवशीं बिचकत आली, चौथ्या दिवशीं स्वस्थ उभी राहिली.

तपासणीनंतर काय ठेवावयाचें व काय काढावयाचें हा प्रश्न आला. माझा स्वभाव जपून खर्च करण्याचा. होईल तेवढें जुनें ठेवावें असें माझें मत. मिस्त्रींचा नियम निराळा होता: "जे डोळ्याने दिसतं किंवा मीटरवर तपासता येतं ते ठेवतो. जे दिसत नाही आणि तपासताही येत नाही, ते माझं नाही." त्या नियमानें पाइप बहुतेक सगळे राहिले. लाल तारांपैकीं जाडी योग्य व अंगानें धड होत्या त्या ठेवून दोन्ही टोकांस रंगीत नळ्या चढविल्या. गोठ्याची व न्हाणीघराची तार पूर्ण नवी. जुनी तार वायां जात नाहीं. तिच्याच टोकाला नवी बांधून ती पाइपांतून ओढून घेतात. दोन ठिकाणीं मात्र ओढणी अडली, कारण स्लॅबच्या वेळीं पाइप चेंगरला होता. तेथें नव्या रंगाच्या भिंतीवर छिन्नी चालवावी लागली. घरांतल्या मंडळींनीं त्या दिवशीं माझ्याशीं फारसें भाषण केलें नाहीं. प्लॅस्टरखालीं गाडलेले सांधे चार निघाले; ते सगळे उघडून डब्यांत घेतले व वर झांकण बसविलें, म्हणजे पुढें कोणाला पाहतां येईल. जिन्याच्या दिव्याची तार मात्र दोन दिवस शोधूनहि लागली नाहीं. एका बाजूनें भिंतींत शिरते आणि दुसऱ्या बाजूनें निघते, पण मधला मार्ग कळेना. मिस्त्रींनीं तो दिवा जोडलाच नाहीं.

अर्थिंग तर मुळांतच नव्हतें. प्रत्येक बोर्डावर हिरव्या तारा होत्या, त्या सगळ्या मुख्य बोर्डापर्यंत आल्या होत्या, आणि तेथून कोठेंच गेल्या नव्हत्या. उलट त्या न्यूट्रलच्या पट्टीला बांधलेल्या होत्या. घराच्या आंत न्यूट्रल आणि अर्थिंग ह्यांची गांठ कधींहि बांधूं नये, हें वाक्य मीं वहींत ठळक लिहिलें आहे. न्हाणीघराच्या मोरीजवळ, जेथें ओल टिकते, तेथें खड्डा घेऊन चाळीस मिलिमीटर व्यासाची, अडीच मीटर लांबीची गॅल्व्हनाइज्ड पाइप उभी पुरली. भोंवतीं कोळसा व मीठ ह्यांचे थर, वर पाणी घालण्यास नरसाळें आणि सिमेंटची झांकणी. मोजणी चार ओहमच्या थोडी वर आली. ही मोजणी पुन्हां वैशाखांत घ्यावी असें मिस्त्रींनीं बजावलें आहे. काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते, पाइपेपासून सुटते, आणि पावसाळ्यांतला चारचा आंकडा वीसवर जाऊं शकतो. वीस झाला तर? दोनशें तीस व्होल्टांना विसांनीं भागा. साडेअकरा अँपिअर येतात. तेवढ्यानें सोळाचा एम.सी.बी. पडणार नाहीं व यंत्राचें लोखंडी अंग जिवंत राहील. म्हणूनच अर्थिंग असलें तरी आर.सी.सी.बी. पाहिजे, आणि ती असली तरी अर्थिंग पाहिजे. शेतावरच्या विहिरीवर एकच फेज घेऊन न्यूट्रलच्या जागीं जमिनींत सळई ठोकून दिवा लावणारे पुष्कळ आहेत. आमच्याच शिवारांत मीं तीन मोजले. सळईजवळून ओल्या पायांनीं जाणाऱ्या बैलाचा विचार त्यांनीं करावा.

शेवटच्या दिवशीं कंत्राटदार स्वतः आले. सगळे दिवे, पंखे काढून, बटणें चालू ठेवून मेगर लावला. हें यंत्र पांचशें व्होल्टांचा दाब देऊन तारेचें कवच कोठें गळतें का तें सांगतें. एक मेगओहमपेक्षां कमी आलें तर काम नापास. बहुतेक सर्किटांचे आंकडे शेंदीडशेंच्या वर आले, पण मधल्या खोलीच्या सर्किटाला पूर्ण एकहि नाहीं. ह्या खेपेस दोष वीजकामाचा नव्हता. सुतारानें दाराच्या चौकटीला चार इंची खिळा मारला होता, तो पाइप भेदून तारेला घासत होता. खिळा काढला, तेवढी तार बदलली, आंकडा वर गेला. आर.सी.सी.बी.ची तपासणीची कळ दाबून ती पडते हें सर्वांस दाखविलें. ती महिन्याला एकदां दाबावी. अहवालावर सही झाली, आणि नवा मीटर लागला.

पहिल्या मिस्त्रीची गांठ त्यानंतर महिन्यानें आठवडे-बाजारांत पडली. मीं बोलावयास सुरुवात केली तोंच तो म्हणाला, "भाऊसाहेब, पॉइंट किती ठरले होते, आणि किती सांगितले तुम्ही?" घरीं येऊन वही काढली. ठरले होते शेहेचाळीस. मुलानें, सुनेनें आणि मीं स्वतः सांगून सांगून झाले होते एकसष्ट. वाढीव दराचा शब्द आमच्यापैकीं कोणीं काढला नव्हता, आणि मागण्याचें धैर्य त्याला झालें नव्हतें. अडतीस हजारांस शेहेचाळीसांनीं भागलें तर पॉइंटास सुमारें आठशें सव्वीस पडतात. त्या दरानें एकसष्ट पॉइंटांचे पन्नास हजारांवर होतात. काम साठ टक्के झालें असें धरलें तर त्याचे तीस हजार बरोबर झाले होते. माझें एक पैहि त्याच्याकडे निघत नव्हती. हें मीं त्याला फोन करून सांगितलें. ह्या खेपेस त्यानें तो उचलला. गोठ्याचेंहि सांगितलें, तें कांहींएक न वगळतां. पलीकडे बराच वेळ शब्द आला नाहीं.

मग त्यानें विचारलें, "देवघराच्या मागचा डबा सापडला का तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशीं तो आपणहून आला. आईच्या पायां पडला, गोठ्याकडे गेला नाहीं. देवघराच्या मागच्या भिंतीवर बोटाच्या पेरानें ठोकीत ठोकीत एका ठिकाणीं थांबला व खडूनें चौकोन काढून दिला. आमच्या मिस्त्रींनीं तेथें प्लॅस्टर फोडलें; आंत डबा होता, आणि त्यांत जिन्याच्या दिव्याचे दोन सांधे, तेहि टेप गुंडाळलेले. ते नीट करून वर झांकण बसविलें. वहींत त्या डब्याला बासष्टावा क्रमांक दिला आहे, आणि जिन्यांतला दिवा आतां लागतो.